म्हाताऱ्या घोड्याचे काय?

व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांला विषय विचारला तेव्हा आम्ही "घोडा" असे उत्तर दिले. त्यांना वाटले, आम्ही थट्टा करीत आहोत. कामगार संघटनेत तीस वर्षे घालविलेल्या माणसाने महागाई भत्ता, बोनस किंवा कंत्राटी पद्धत यांवर बोलावे अशी श्रोत्यांची अपेक्षा असते, आणि ती रास्त आहे. परंतु आज आम्ही जी हकीकत सांगणार आहोत तीही एका कामकऱ्याचीच आहे. त्याला मजुरी नव्हती, मत नव्हते आणि संघटना तर नव्हतीच. फरक काय तो एवढाच.

या विषयाकडे आम्ही कसे वळलो ते आधी सांगितले पाहिजे. सुमारे तीस वर्षांपूर्वी आमच्या गावच्या स्टेशनाबाहेरचा टांग्यांचा अड्डा उठविण्याचे ठरले. रिक्षांना जागा हवी होती. टांगेवाल्यांना नोटिसा आल्या आणि ते आमच्याकडे आले. आम्ही तेव्हा पंचविशीत होतो. कायद्याची पुस्तके रात्री वाचायची आणि सकाळी अर्ज लिहायचे असा आमचा क्रम होता. अर्ज लिहून झाला. माणसे किती, पोटे किती, परवाने कोणत्या सालचे, सारे त्यात आले. उठता उठता एका वृद्ध टांगेवाल्याने आम्हांला थांबविले. त्यांना सगळे चाचा म्हणत. ते म्हणाले, "भाऊ, मला नोटीस मिळाली, मी घेतली. पण घोड्याला कुणी नोटीस दिली? तो पहाटे पाचला उठून उभा राहतो, तोबरा मागतो. त्याला मी काय सांगू?" आम्ही सगळे हसलो. अर्जात घोड्याविषयी एक ओळही नव्हती, आणि चाचांच्या त्या प्रश्नानंतरही आम्ही ती घातली नाही. त्या घोड्याचे पुढे काय झाले हे आम्ही कधी विचारलेही नाही.

पुढे वाचनाच्या ओघात अमेरिकेतील घोड्यांच्या कायद्यांचा इतिहास हाती आला, तेव्हा चाचांचा प्रश्न पुन्हा समोर उभा राहिला. काम संपल्यावर घोड्याचे काय करावयाचे, हा प्रश्न अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत दीडशे वर्षे गाजत आहे. संसदेत, न्यायालयांत, वर्तमानपत्रांत आणि शाळकरी मुलांच्या पत्रांतसुद्धा तो लढविला गेला. एका देशाने चांगल्या हेतूने कायदे केले आणि त्यांचे परिणाम मोजूनही ठेवले, म्हणून हा इतिहास आपण पाहण्यासारखा आहे.

या इतिहासाचा आरंभ रस्त्यावर झाला. १८६६ साली न्यूयॉर्कमध्ये हेन्री बर्ग नावाच्या गृहस्थाने प्राण्यांवरील क्रौर्याला आळा घालणारी संस्था स्थापन केली, आणि त्याच वर्षी त्या राज्यात क्रौर्याविरुद्ध कायदा झाला. त्या काळी शहरातील ट्राम घोडे ओढीत. बर्ग स्वतः भर रस्त्यात उभा राही, उतारूंनी खच्चून भरलेली ट्राम अडवी आणि जादा माणसांना खाली उतरवी. लोक त्याची टिंगल करीत. पण १८७२ च्या शरद ऋतूत घोड्यांत एक साथीचा ताप आला. तो कॅनडातून शिरला आणि थोड्याच आठवड्यांत शहरामागून शहर ठप्प झाले. कोळसा घरी पोचेना, बंदरातील माल हलेना, काही ठिकाणी माणसांनी गाड्यांना खांदा दिला. त्याच नोव्हेंबरात बोस्टन शहराला प्रचंड आग लागली, तेव्हा घोडे आजारी असल्यामुळे आगीचे बंब माणसांना ओढीत न्यावे लागले. संप न करताही कामकरी किती महत्त्वाचा आहे हे त्या मुक्या जनावरांनी दाखवून दिले.

अमेरिकेतील टीमस्टर्स ही कामगार संघटना १९०३ साली उभी राहिली. टीमस्टर म्हणजे घोड्यांची जोडी हाकणारा. आज तिचे सभासद ट्रक हाकतात, परंतु तिच्या बोधचिन्हावर घोड्यांची दोन मुंडकी अजून आहेत. आम्हांला हे चिन्ह फार बोलके वाटते. मोटार आली तेव्हा हाकणारा मोटार शिकला, आणि संघटनाही त्याच्याबरोबर मोटारीवर चढली. घोड्याला मात्र मोटार शिकता येत नव्हती.

विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात त्या देशात दोन कोटींहून अधिक घोडे होते. खेचरे वेगळीच. ट्रॅक्टर आणि ट्रक आले आणि १९६० च्या सुमारास घोडे व खेचरे मिळून जेमतेम तीस लाख उरली. चाळीस-पन्नास वर्षांत एवढा मोठा कामकरी वर्ग कामावरून निघाला. त्यातले बरेच घोडे म्हातारपणाने मेले, पण पुष्कळ डब्यात गेले. १९२० नंतर इलिनॉय राज्यातील रॉकफर्ड येथे घोड्याचे मांस डब्यात भरून कुत्र्यांसाठी विकण्याचा धंदा भरभराटीला आला. पश्चिमेकडील माळरानांवर मोकाट फिरणारे घोडे त्यासाठी पकडले जाऊ लागले, आणि पुढे तर विमाने व ट्रक घेऊन त्यांची शिकार होऊ लागली.

नेव्हाडा राज्यातील एका कचेरीत चिटणीसाचे काम करणाऱ्या वेल्मा जॉन्स्टन या बाईंनी १९५० साली कामावर जाताना पुढच्या ट्रकमधून रक्त गळताना पाहिले. त्या ट्रकमागून गेल्या. आत पकडून आणलेले, जखमी झालेले रानघोडे होते. एका नोकरदार बाईने तेथून जी चळवळ उभी केली तिच्यामुळे १९५९ साली विमानांनी व मोटारींनी रानघोड्यांचा पाठलाग करण्यास बंदी झाली. पुढे देशभरच्या शाळकरी मुलांनी संसदेकडे पत्रांचा पाऊस पाडला, आणि १९७१ साली सार्वजनिक जमिनीवरील रानघोड्यांना व गाढवांना संरक्षण देणारा कायदा झाला. लोकांच्या दयेने कायदा घडविल्याचे हे उत्तम उदाहरण होय.

परंतु हा कायदा रानघोड्यांपुरता होता. घरच्या घोड्याची, शर्यतीच्या घोड्याची, शेतावरच्या घोड्याची वाट निराळी होती. घोडा पंचवीस-तीस वर्षे जगतो. उपयोगाची वर्षे त्याहून कमी. पाय गेला, वय झाले किंवा मालकाची ऐपत संपली की तो बाजारात लिलावाला जाई. तिथे कत्तलखान्यांसाठी खरेदी करणारे दलाल बसलेले असत. अमेरिकन माणूस घोडा खात नाही. मांस युरोपात आणि जपानात जाई. कत्तल कशी करावी याबद्दल कायदे होते. कापण्यापूर्वी जनावर बेशुद्ध झाले पाहिजे असा दंडक १९५८ च्या कायद्याने घातला, आणि १९७८ साली तो अधिक कडक झाला. घोड्यांच्या वाहतुकीचेही नियम २००१ अखेर निघाले. ट्रकवर चढविण्यापूर्वी सहा तास पाणी, चारा व विश्रांती द्यावी, २८ तासांपेक्षा अधिक काळ घोडा ट्रकवर ठेवू नये आणि गुरांसाठी केलेले दुमजली ट्रक पाच वर्षांत बंद करावेत, असे ते नियम होते. घोडा मान वर करून उभा राहणारा प्राणी आहे. बुटक्या छताखाली त्याचे काय होत असेल ते सांगायला नको.

लोकमत मात्र कत्तलीच्याच विरुद्ध जात होते. १९९८ साली कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी माणसाच्या खाण्यासाठी घोडे मारण्यावर बंदी घातली. मग २००३ साली एक बातमी आली. फर्डिनांड नावाचा घोडा १९८६ ची केंटकी डर्बी जिंकला होता. १९८७ साली तो त्या देशातील वर्षाचा सर्वश्रेष्ठ घोडा ठरला होता. त्याला पुढे जपानात विकले होते. तिथे त्याचा उपयोग संपल्यावर, २००२ साली, तो बहुधा कत्तलखान्यात गेला असे उघडकीस आले. लाखो रुपयांच्या पैजा ज्याच्या पाठीवर लागल्या त्याची ही अखेर, म्हणून लोक हळहळले. आमच्या मनात आले ते वेगळेच. ज्याचे नाव ठाऊक होते त्याच्यासाठी देश रडला. ज्यांना नावे नव्हती ते दर वर्षी हजारोंनी त्याच वाटेने जात होते.

२००५ नंतरचा भाग विशेष लक्षपूर्वक पाहिला पाहिजे. अमेरिकन संसदेने घोड्यांच्या कत्तलीवर सरळ बंदी घातली नाही. तिने निराळी युक्ती केली. सरकारी निरीक्षकाने तपासल्याशिवाय मांस विकता येत नाही. तेव्हा संसदेने खर्चाच्या कायद्यात एक अट घातली की, घोड्यांची तपासणी करणाऱ्या निरीक्षकांवर सरकारी पैसा खर्च होणार नाही. पगार नाही तर निरीक्षक नाही, निरीक्षक नाही तर शिक्का नाही आणि शिक्का नाही तर धंदा नाही. दाराला टाळे न लावता कारखाना बंद पाडण्याचे प्रकार कामगारांनी पुष्कळ पाहिले आहेत. हा त्यातलाच एक. शेतीखात्याने पळवाट काढली, की कारखान्यांनी तपासणीचे शुल्क स्वतः भरावे. मार्च २००७ मध्ये न्यायालयाने तीही रद्द केली.

त्या वेळी देशात असे तीनच कत्तलखाने उरले होते, तिन्ही परदेशी मालकीचे. दोन टेक्ससमध्ये, फोर्ट वर्थ आणि कॉफमन येथे. एक इलिनॉयमध्ये, डीकाल्ब येथे. टेक्ससमध्ये खाण्यासाठी घोड्याचे मांस विकू नये असा १९४९ चा कायदा धूळ खात पडला होता. जानेवारी २००७ मध्ये अपील न्यायालयाने तो लागू असल्याचा निर्णय दिला. इलिनॉयने मे महिन्यात नवा कायदा केला, आणि सप्टेंबरात अपील न्यायालयाने तो उचलून धरला. २००७ साल संपण्यापूर्वी अमेरिकेच्या भूमीवर खाण्यासाठी घोडा मारणे थांबले. ज्यांनी यासाठी वर्षानुवर्षे झगडा केला त्यांना आनंद झाला, आणि त्यांची दया खोटी नव्हती हे आम्ही स्पष्ट सांगू इच्छितो.

मग काय झाले? संसदेच्या वतीने सरकारी कारभाराची तपासणी करणारे जे हिशेब-कार्यालय आहे, त्याने जून २०११ मध्ये याचा अहवाल दिला. २००६ साली देशातील कत्तलखान्यांत सुमारे १,०५,००० घोडे मारले गेले होते, आणि त्याखेरीज काही सीमेपार जात होते. २०१० साली देशात एकही मारला गेला नाही. पण कॅनडा आणि मेक्सिको येथे कत्तलीसाठी गेलेले घोडे सुमारे १,३८,००० होते. म्हणजे बंदीपूर्वी देशात व बाहेर मिळून जेवढे मरत होते, जवळजवळ तेवढेच. कॅनडाकडे जाणारे घोडे १४८ टक्क्यांनी वाढले, मेक्सिकोकडे जाणारे ६६० टक्क्यांनी. घोडा वाचला नव्हता. त्याचा प्रवास तेवढा लांबला होता. आणि सीमा ओलांडली की अमेरिकेचा कत्तलीविषयीचा कायदा त्याच्या अंगावरून गळून पडे. जे नियम चाळीस-पन्नास वर्षे खपून मिळविले, त्यांच्या कक्षेबाहेर त्याला नेऊन उभे केले ते दयेच्याच कायद्याने.

अहवालातील आणखी एक आकडा आम्हांला महत्त्वाचा वाटतो. कमी आणि मध्यम किमतीच्या घोड्यांचे भाव या बंदीमुळे ८ ते २१ टक्क्यांनी उतरले. उंची घोड्यांच्या किमतीला धक्का लागला नाही. म्हणजे कायद्याचा भार कोणी वाहिला? ज्याच्याकडे एकच घोडा होता, ज्याची नोकरी २००८ च्या मंदीत गेली होती, ज्याला चारा परवडत नव्हता आणि पशुवैद्याकडून सुई देऊन शांतपणे मरण देण्याचा व प्रेताची विल्हेवाट लावण्याचा शेकडो डॉलरांचा खर्चही झेपत नव्हता, त्याने. कोलोरॅडो राज्यात घोड्यांच्या हेळसांडीच्या व छळाच्या चौकशा २००५ साली ९७५ झाल्या होत्या. २००९ साली त्या १,५८८ झाल्या. यात मंदीचाही वाटा होता हे नाकारता येत नाही. पण मंदीत माणसाला सरकारने थोडाफार बेकारी भत्ता तरी दिला. घोड्यासाठी कोणतीच तरतूद नव्हती.

हिशेब-कार्यालयाने संसदेला सुचविले ते थोडक्यात असे: एक तर तपासणी पुन्हा सुरू करून घोडा आपल्या कायद्याच्या नजरेखाली आणा, नाही तर कत्तल आणि निर्यात दोन्ही स्पष्ट शब्दांत बंद करा, अर्ध्यात थांबू नका. संसद अर्ध्यातच थांबली. नोव्हेंबर २०११ मध्ये तिने पैशावरील अट काढली. काहींनी नवे कत्तलखाने उघडण्यासाठी अर्ज केले, खटले झाले, आणि एकही सुरू होण्यापूर्वी जानेवारी २०१४ मध्ये ती अट पुन्हा आली. नंतर ती वर्षामागून वर्ष येत राहिली. सीमेवरचा दरवाजा मात्र उघडा राहिला. जानेवारी २०१५ पासून युरोपीय संघाने मेक्सिकोतून येणारे घोड्याचे मांस थांबविले. अमेरिकेत घोडा खाण्यासाठी पाळीत नाहीत, त्याला नाना औषधे देतात, आणि त्याची नोंद कोठे नसते, असे त्यामागचे कारण होते. पुढील काळात सीमेपार जाणाऱ्या घोड्यांची संख्या बरीच घटली. जे काम दयेच्या कायद्याला साधले नाही, त्यातले काही गिऱ्हाइकाने मागितलेल्या दाखल्याने साधले, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे.

कोणी म्हणेल, मग कत्तल चालू ठेवावयाची होती काय? आमचे म्हणणे तसे नाही. घोडा हा भित्रा आणि मान झटकणारा प्राणी; कत्तलखान्यात त्याला एका फटक्यात बेशुद्ध करणे सोपे नसते, आणि तिथल्या क्रौर्याविषयी जे लिहिले गेले ते खोडून काढण्यासारखे नाही. आमचे म्हणणे एवढेच की, एक दरवाजा बंद करणाऱ्या कायद्याने दुसरा दरवाजा कोणता हे सांगितले पाहिजे, आणि तिथला खर्च कोण देणार हेही लिहिले पाहिजे.

रानघोड्यांच्या बाबतीत अमेरिकन सरकारने हा खर्च अंगावर घेतला. २०२४ च्या मोजणीत माळरानांवर सुमारे ७३ हजार रानघोडे व गाढवे होती. सरकारच्या मते त्या जमिनीला पंचवीस-सव्वीस हजारच झेपतात. म्हणून धरून आणलेली आणखी साठ हजारांहून अधिक जनावरे सरकारी खर्चाने बंदिस्त आवारांत व भाड्याच्या कुरणांत पोसली जात होती. हा बोजा कमी करण्यासाठी २०१९ पासून रानघोडा पाळावयास घेणाऱ्याला एक हजार डॉलर देण्याची योजना काढली. २०२१ साली वर्तमानपत्रांनी शोधून काढले की, काही लोक पैसे घेऊन वर्षभर घोडा ठेवीत आणि नंतर त्याच कत्तलीच्या लिलावात उभा करीत. तेव्हा पैसा ठेवला म्हणजे काम भागले असेही नाही. त्यावर नजर ठेवणारा माणूस लागतो. तरीसुद्धा या घोड्याला कोण पोसणार, या प्रश्नाचे उत्तर त्या कायद्यापाशी आहे. घरच्या घोड्याच्या कायद्यापाशी ते नव्हते.

आता थोडे आपल्याकडे पाहू. मुंबईत घोड्यांची ट्राम ९ मे १८७४ रोजी सुरू झाली आणि १९०५ साली बंद झाली. आरंभी कंपनीच्या पागेत नऊशे घोडे होते असे सांगतात. मुंबईतील प्राणिक्रौर्य प्रतिबंधक संस्थाही १८७४ सालचीच, आणि परळचे बाई साकरबाई दिनशा पेटिट यांच्या नावाचे जनावरांचे रुग्णालय त्यानंतर थोड्याच वर्षांनी उभे राहिले. स्वातंत्र्यानंतर १९६० साली प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा कायदा झाला, आणि १९६५ साली ओझ्याच्या व गाडीच्या जनावरांसाठी नियम निघाले. ते नियम वाचताना आम्ही चकित झालो. जनावराकडून दिवसात नऊ तासांपेक्षा अधिक काम घेऊ नये. विश्रांतीवाचून सलग पाच तासांपेक्षा अधिक घेऊ नये. १९४८ च्या कारखाना कायद्यात मजुरासाठी लिहिलेले आकडे नेमके हेच होते, नऊ आणि पाच! शिवाय पारा ३७ अंशांवर गेला तर दुपारी बारा ते तीन जनावराला जुंपू नये, असेही त्यात आहे. उन्हात डांबर ओतणाऱ्या आमच्या माणसांसाठी अशी ओळ मिळवायला आम्ही किती खेटे घातले ते आमचे आम्हांला ठाऊक. सांगायचा मुद्दा असा की, घोड्याला कामाचे तास मिळाले. पण कारखान्यातल्या मजुराला जो भविष्यनिर्वाह निधी आणि जे उपदान मिळाले, त्याच्या जागी घोड्याच्या नियमांत काहीच नाही.

जून २०१५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने व्हिक्टोरिया गाड्यांतून मौजेखातर फेरफटका मारणे बेकायदा ठरविले. घोड्यांचे हाल होतात, तबेले नियमबाह्य आहेत, पाय डांबरी रस्त्यावर झिजतात, या तक्रारी खोट्या नव्हत्या. न्यायालयाने एक वर्षाची मुदत दिली आणि या धंद्यावर जगणाऱ्या कुटुंबांच्या पुनर्वसनाची योजना आखण्यास सरकारला सांगितले. बंदीच्या हुकुमातच पुनर्वसनाचा शब्द आला, ही गोष्ट आम्ही मोठी मानतो. २०२१ साली मुंबईत विजेवर चालणाऱ्या व्हिक्टोरिया आल्या. गाडी राहिली, घोडा गेला. तो कोठे गेला हे बघणाऱ्या गर्दीतील कोणी विचारले असेल असे वाटत नाही. आम्ही कोणाला दोष कसा द्यावा? स्टेशनाबाहेरच्या अड्ड्यावर आम्हीही विचारले नव्हते.

श्रोतेहो, बंदी हा शब्द फार सोपा आहे. ती घातली की घालणाऱ्याचे मन हलके होते. कामगार चळवळीत आम्ही शिकलो ते असे की, धोक्याचा कारखाना बंद करा ही मागणी करताना त्याच कागदावर दुसरी ओळ लिहावी लागते: आतल्या माणसाचे काय? ती ओळ नसेल तर कारखाना पलीकडच्या जिल्ह्यात उघडतो आणि धोका तिथल्या माणसाच्या वाट्याला जातो. अमेरिकेतील घोड्याची गोष्ट हीच आहे. तेव्हा प्राण्यांविषयी कोणताही कायदा होताना नागरिकांनी तीन गोष्टी विचाराव्यात. काम संपलेल्या जनावराला उद्या सकाळी चारा कोण घालणार? तो खर्च कोणाच्या खिशातून येणार? आणि आपल्या हद्दीबाहेर ते गेले तर त्याच्यामागून कोणाची नजर जाणार?

चाचा आता हयात नाहीत. त्यांच्या अर्जाची नक्कल आमच्या जुन्या कागदांत सापडली, ती आम्ही मध्यंतरी पुन्हा वाचली. बारा टांगेवाल्यांची नावे त्यात आहेत, बारा अंगठे व सह्या आहेत. बारा घोडेही होते. आज तो अर्ज लिहायचा झाला तर आम्ही तेरावे कलम घालू, आणि त्याची पहिली ओळ चाचांच्याच शब्दांत लिहू.